मुख्य निवडणूक आयुक्त बदलतात तेव्हा बातमी कशी वाचावी आणि नोंद कशी ठेवावी

कोल्हापुरात निवडणूक नाही असा महिना सहसा सापडत नाही. गोकुळ दूध संघाची झाली की जिल्हा बँकेची येते, ती आटोपते तोवर एखाद्या साखर कारखान्याचे पॅनेल ठरू लागते, आणि मध्येच ग्रामपंचायती आपला गुलाल उधळून घेतात. अशा गावात ‘निवडणूक आयुक्त बदलले’ अशी बातमी आली की तालमीच्या कट्ट्यावर तर्कांना ऊत येतो. नवे आयुक्त कोणाच्या जवळचे, जुने का गेले, आता मतदार यादीचे काय होणार, हे प्रश्न एकाच दमात विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही तितक्याच ठामपणे दिली जातात. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, नागरिकशास्त्राचे शिक्षक, तालुक्याचे नवे वार्ताहर आणि पक्षाचे बूथ सांभाळणारे कार्यकर्ते यांच्यापैकी ज्यांना ही बातमी नीट समजून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पद्धत साधी आहे: आधी तारखांचे गणित करावे आणि गणितात जे बसत नाही त्याचाच विचार करावा.

बातमी कोणत्या आयोगाची आहे ते आधी ठरवावे

आपल्या जिल्ह्यात तीन वेगवेगळ्या यंत्रणा निवडणुका घेतात आणि बहुतेक गोंधळ याच ठिकाणी सुरू होतो. लोकसभा, विधानसभा, राज्यसभा, विधान परिषद, तसेच राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ नुसार दिल्लीतील भारत निवडणूक आयोगाकडे आहेत. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका अनुच्छेद २४३ ट (243K) आणि २४३ यक (243ZA) यांच्याखालील राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याचे आयुक्त राज्यपाल नेमतात आणि त्यांचा दिल्लीच्या आयोगाशी वरिष्ठ-कनिष्ठ असा कोणताही संबंध नसतो. गोकुळ, जिल्हा बँक आणि कारखाने हे तिसरे खाते. त्यांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात आणि तेथे मतदार यादी म्हणजे संस्थेच्या सभासदांची यादी असते.

त्यामुळे दिल्लीत मुख्य निवडणूक आयुक्त बदलले म्हणून गोकुळच्या ठरावधारकांच्या, म्हणजे दूध संस्थांनी ठराव करून पाठवलेल्या मतदारांच्या, यादीत काही फरक पडेल, असे कोणी बिंदू चौकात उभे राहून सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. महापालिकेच्या बाबतीत मात्र एक धागा जुळतो. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेस घेऊन ती प्रभागांनुसार फोडली जाते. म्हणून कोल्हापूर उत्तर किंवा दक्षिण मतदारसंघाच्या यादीत नाव नसेल तर ते प्रभागाच्या यादीतही येत नाही, आणि त्यासाठीचा नमुना ६ भरावा लागतो तो भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यामार्फत मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे.

पदनामांचीही अशीच गल्लत होते. ‘मुख्य निवडणूक आयुक्त’ दिल्लीत असतात. मुंबईत बसतात ते ‘मुख्य निवडणूक अधिकारी’, जे भारत निवडणूक आयोगाचे राज्यातील काम पाहतात. आणि मुंबईतच असलेले ‘राज्य निवडणूक आयुक्त’ हे तिसरेच पद आहे. नागाळा पार्कात बसणारे जिल्हाधिकारी लोकसभा-विधानसभेच्या वेळी जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून काम करतात. बातमीच्या मथळ्यात जागेअभावी ‘निवडणूक आयुक्त’ एवढेच छापले जाते, म्हणून मजकुरातील पहिल्या दोन वाक्यांत राष्ट्रपती आहेत की राज्यपाल, हे शोधावे. राष्ट्रपती असतील तर पुढचा मजकूर आपल्या कामाचा आहे.

वहीचे एक पान

यानंतर एक वही घ्यावी. संगणकावर तक्ता केला तरी हरकत नाही, पण हाताने लिहिलेली तारीख अधिक लक्षात राहते असे माझे मत आहे. पानावर आडवे रकाने आखावेत: नाव, जन्मतारीख, आयोगात आल्याची तारीख, मुख्य आयुक्त झाल्याची तारीख, सहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख, वयाची ६५ वर्षे पूर्ण होण्याची तारीख, प्रत्यक्ष पद सोडल्याची तारीख आणि शेवटी शेरा. मुख्य आयुक्त आणि इतर दोन निवडणूक आयुक्त या तिघांच्याही नोंदी याच पानावर कराव्यात, कारण पुढचे मुख्य आयुक्त बहुधा आजच्या आयुक्तांतूनच निवडले जातात.

नियम असा आहे की पदावर येण्याच्या तारखेपासून सहा वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा पद सोडावे लागते. २०२३ च्या कायद्याने यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या: एकदा मुदत संपलेल्या व्यक्तीची पुन्हा नेमणूक होऊ शकत नाही, आणि निवडणूक आयुक्त पुढे मुख्य आयुक्त झाले तर दोन्ही पदांचा मिळून काळ सहा वर्षांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. म्हणून सहा वर्षे मोजताना ‘आयोगात आल्याची तारीख’ धरावी, ‘मुख्य आयुक्त झाल्याची’ नव्हे. परीक्षेतही आणि बातमीतही ही चूक सर्वाधिक दिसते.

राजीव कुमार यांची ओळ भरून पाहू. जन्म १९ फेब्रुवारी १९६०, आयोगात प्रवेश १ सप्टेंबर २०२०, मुख्य आयुक्त १५ मे २०२२ पासून. सहा वर्षे ऑगस्ट २०२६ च्या अखेरीस पूर्ण झाली असती. ६५ वर्षे त्यापूर्वीच, फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाली. ते १८ फेब्रुवारी २०२५ रोजी निवृत्त झाले. तारीख नीट पाहावी: वाढदिवस १९ तारखेला आणि पदाचा शेवटचा दिवस १८. सरकारी हिशेबात वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होते. सुनील अरोरा यांचा जन्म १३ एप्रिलचा आणि ते गेले १२ एप्रिल २०२१ रोजी. सुशील चंद्रा यांचा जन्म १५ मेचा आणि ते गेले १४ मे २०२२ रोजी. हा एका दिवसाचा फरक वहीत पाळला नाही तर पुढच्या सर्व नोंदी एकेका दिवसाने घसरतात.

अशा ओळी भरत मागे गेले की एक चित्र आपोआप उभे राहते. एच. एस. ब्रह्मा २०१५ मध्ये जेमतेम तीन महिने मुख्य आयुक्त होते. त्यांच्यानंतर नसीम झैदी, ए. के. जोती, ओ. पी. रावत, सुनील अरोरा आणि सुशील चंद्रा असे मे २०२२ पर्यंत पाच जण आले आणि गेले. व्ही. एस. रमादेवी १९९० मध्ये २६ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर एवढ्याच काळापुरत्या त्या खुर्चीत होत्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्यानंतर आलेले टी. एन. शेषन १२ डिसेंबर १९९० ते ११ डिसेंबर १९९६ अशी पुरी सहा वर्षे राहिले, आणि त्यांच्यानंतर एकालाही मुख्य आयुक्त म्हणून सहा वर्षे मिळालेली नाहीत. यात कोणाला काढले गेले असे काही नाही. साठीच्या आसपास पोहोचलेल्या सनदी अधिकाऱ्यांची नेमणूक केली की ६५ ची अट पाच वर्षांच्या आतच येऊन ठेपते, आणि त्यातलाही पहिला भाग साध्या आयुक्तपदावर जातो. तरीही मला ही पद्धत पदाच्या दृष्टीने हानिकारक वाटते, कारण जो अधिकारी वर्षभरात जाणार हे सर्वांनाच ठाऊक असते त्याच्या शब्दाला यंत्रणा किती किंमत देईल, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२३ च्या निकालात अल्प मुदतीच्या नेमणुकांविषयी नापसंती व्यक्त केली होती.

जुन्या नावांना हा हिशेब लावू नये. पहिले मुख्य आयुक्त सुकुमार सेन मार्च १९५० ते डिसेंबर १९५८ असे साडेआठ वर्षांहून अधिक काळ होते आणि पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुका त्यांनीच घेतल्या. सहा वर्षांची तरतूद १९९१ च्या कायद्यातून आली.

कोणी निवडले, हे वाचण्याची रीत

तारखा जुळल्या की नेमणुकीकडे वळावे. येथे तीन कालखंड लक्षात ठेवले तर पुरेसे आहे. घटनेने नेमणुकीचा अधिकार राष्ट्रपतींना दिला आणि तो संसदेने केलेल्या कायद्याच्या अधीन ठेवला. मात्र तसा कायदा सात दशके झालाच नाही, त्यामुळे पंतप्रधानांच्या शिफारशीवरून राष्ट्रपती नेमणूक करत. दुसरा टप्पा २ मार्च २०२३ रोजी आला. अनूप बरनवाल खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणुका व्हाव्यात. तिसरा टप्पा त्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्याचा, जो जानेवारी २०२४ पासून लागू झाला आणि ज्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेले केंद्रीय मंत्री आले.

या कायद्यानुसार कायदामंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील शोध समिती पाच नावे सुचवते. ही नावे केंद्र सरकारच्या सचिवपदावर किंवा समकक्ष पदावर असलेल्या वा राहिलेल्या व्यक्तींची असावी लागतात. त्यांतून निवड समिती शिफारस करते, परंतु या पाच नावांबाहेरील व्यक्तीचाही ती विचार करू शकते. निवड समितीत दोन सदस्य सरकारचे आणि एक विरोधी बाजूचे, म्हणून ‘समितीने निवड केली’ हे वाक्य वाचताना ते दोनास एक आहे का, हे पुढच्या ओळीत शोधावे. १४ मार्च २०२४ च्या बैठकीत अधीर रंजन चौधरी यांनी आणि १७ फेब्रुवारी २०२५ च्या बैठकीत राहुल गांधी यांनी असहमती नोंदवली. दोन्ही वेळा नेमणुका झाल्या आणि कायद्याप्रमाणे त्या वैध आहेत. समितीतील एखादी जागा रिकामी असली तरी केवळ तेवढ्या कारणाने नेमणूक अवैध ठरत नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कायद्याला स्थगिती देण्यास नकार दिला. स्थगिती नाकारणे आणि कायदा वैध ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादविवाद स्पर्धेत उतरणाऱ्यांनी हा फरक विशेष जपावा.

माझ्या मते खरा वाद समितीच्या या रचनेचा आहे, व्यक्तीच्या नावाचा नाही. आयुक्त कोणत्या राज्याच्या केडरचे, पूर्वी कोणत्या मंत्रालयात सचिव होते, हे वर्तमानपत्रे ठळक चौकटीत देतात आणि लोक तेवढेच वाचतात; परंतु तिघांपैकी दोन मते कोणाकडे आहेत हे कळल्यावर चौकटीतील मजकुराचे महत्त्व बरेच कमी होते.

बातमीची खातरजमा करायची असेल तर विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाची अधिसूचना पाहावी. ती लहान असते: राष्ट्रपती अमुक व्यक्तीची तमुक तारखेपासून नेमणूक करीत आहेत, एवढाच तिचा आशय. त्यातील ‘तारखेपासून’ हा भाग वहीत उतरवावा, कारण निवड समितीची बैठक, अधिसूचना आणि पदग्रहण या तीन तारखा निराळ्या असू शकतात. राजीव कुमार यांच्यानंतर मुख्य आयुक्त झालेल्या ज्ञानेश कुमार यांच्या बाबतीत बैठक आणि अधिसूचना १७ फेब्रुवारी २०२५ ची आणि पदग्रहण १९ फेब्रुवारीचे आहे.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे

सहा वर्षे किंवा ६५ वर्षे या दोन्ही तारखांच्या आधी कोणी गेले असेल तरच शेऱ्याचा रकाना भरावा. अशा ओळी थोड्या आहेत आणि म्हणूनच त्या वाचण्यासारख्या आहेत.

नगेंद्र सिंह १९७३ मध्ये चार-पाच महिन्यांतच मुख्य आयुक्तपद सोडून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. अशोक लवासा हे २०२१ मध्ये मुख्य आयुक्त होण्याच्या क्रमात होते. ऑगस्ट २०२० मध्ये ते राजीनामा देऊन आशियाई विकास बँकेत गेले. त्यापूर्वी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहितेच्या काही तक्रारींवर त्यांनी सहकाऱ्यांपेक्षा वेगळे मत दिले होते आणि ते मत आदेशात यावे असा त्यांचा आग्रह होता. आयोगाने ते फायलीत ठेवण्याचे ठरवले. अरुण गोयल यांची ओळ सर्वांत लक्षवेधक आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी सरकारी सेवेतून स्वेच्छानिवृत्ती, दुसऱ्या दिवशी आयुक्तपदी नेमणूक, आणि मुदत २०२७ पर्यंत असताना ९ मार्च २०२४ रोजी राजीनामा. त्याआधी फेब्रुवारीत अनुपचंद्र पांडे वयोमानानुसार निवृत्त झालेले होते. त्यामुळे लोकसभेची घोषणा तोंडावर असताना आयोगात एकटे राजीव कुमार उरले. १५ मार्चला ज्ञानेश कुमार आणि सुखबीर सिंग संधू रुजू झाले आणि १६ मार्चला निवडणूक जाहीर झाली. या मजकुराखाली आपले अनुमान लिहायचा मोह होतो. तो आवरून फक्त तारखा एकाखाली एक लिहाव्यात, वाचणारा काय ते समजतो.

एखाद्या आयुक्ताला काढून टाकल्याची बातमी मात्र या वहीत अजून एकदाही लिहावी लागलेली नाही. मुख्य आयुक्तांना दूर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी असलेलीच प्रक्रिया लागते: सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत तसेच उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत. इतर दोन आयुक्तांना हे कवच नाही. त्यांना मुख्य आयुक्तांच्या शिफारशीवरून दूर करता येते. तेव्हाचे मुख्य आयुक्त एन. गोपालस्वामी यांनी जानेवारी २००९ मध्ये आयुक्त नवीन चावला यांच्याविषयी अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही, आणि लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असतानाच, २१ एप्रिल २००९ रोजी, तेच चावला मुख्य आयुक्त झाले. निवडणूक चालू असताना आयोगाचे नेतृत्व बदलू शकते का, असे कोणी विचारले तर ही ओळ दाखवावी.

एक खुर्ची की तीन

शेषन यांच्या आठवणी सांगणारी पिढी अजून आहे आणि तिच्या बोलण्यात आयोग म्हणजे एकच माणूस असतो. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. आयोग १९५० पासून एकसदस्यीय होता. ऑक्टोबर १९८९ मध्ये दोन आयुक्त जोडले गेले आणि १ जानेवारी १९९० रोजी ती पदे रद्दही झाली. १ ऑक्टोबर १९९३ रोजी एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती आयुक्त म्हणून आले तेव्हा शेषन न्यायालयात गेले आणि जुलै १९९५ मध्ये हरले. तेव्हापासून आयोग तिघांचा आहे, शक्यतो एकमताने आणि ते न जमल्यास बहुमताने चालतो. म्हणून नवे मुख्य आयुक्त आले या बातमीबरोबर मोकळी झालेली तिसरी जागा कोणी भरली, हेही पाहावे. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी विवेक जोशी यांची नेमणूक झाली होती आणि ती बातमी बहुतेकांनी वाचलीच नाही, जरी येत्या काही वर्षांत त्यांचेच नाव अधिक वेळा कानावर येण्याची शक्यता आहे.

राज्य निवडणूक आयोगासाठी वेगळे पान करावे. तेथे एकच आयुक्त असतात, त्यामुळे जागा रिकामी राहिली तर अख्खा आयोगच थांबतो. यू. पी. एस. मदान यांची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली आणि दिनेश वाघमारे जानेवारी २०२५ मध्ये आले. कोल्हापूर महापालिका नोव्हेंबर २०२० पासून प्रशासकांच्या हाती होती, हे आठवले की या पानाचे महत्त्व पटते; तथापि निवडणुका लांबण्याचे मूळ कारण इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा न्यायालयीन वाद होते, आयुक्तांची रिकामी खुर्ची नव्हे.

पुढच्या ओळी आजच भराव्यात

हे गणित भविष्यासाठीही चालते. संधू यांचा जन्म १९६३ चा, म्हणून त्यांची ६५ वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतात. ज्ञानेश कुमार यांचा जन्म २७ जानेवारी १९६४ चा. आयोगातील सहा वर्षे मार्च २०३० पर्यंत पुरली असती, पण वयाची अट आधी येते आणि शेवटचा दिवस २६ जानेवारी २०२९ निघतो. जोशी यांचा जन्म १९६६ चा असून या तिघांपैकी त्यांच्याच ओळीत उलटे घडते: सहा वर्षे फेब्रुवारी २०३१ मध्ये संपतात आणि ६५ वर्षे त्यानंतर. याचा अर्थ असा की संधू मुख्य आयुक्तांच्या आधीच निवृत्त होतात आणि २०२९ च्या जानेवारीत ज्येष्ठतेने जोशी पुढे असतात. ज्येष्ठ आयुक्तालाच बढती देण्याचा प्रघात आहे, कायद्यात तशी सक्ती नाही, म्हणून ही ओळ पेन्सिलीने लिहावी.

आता त्या तारखेशेजारी दुसरी तारीख ठेवावी. लोकसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक वेळेवर झाली तर ती एप्रिल-मे २०२९ च्या सुमारास येते आणि घोषणा मार्चच्या आसपास. म्हणजे नवे मुख्य आयुक्त पदावर आल्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांत कोल्हापूर आणि हातकणंगले मतदारसंघांसह देशभराचे वेळापत्रक त्यांच्या नेतृत्वाखालील आयोगाकडून जाहीर होईल. २०२८ मध्ये संधू यांच्या जागी कोणाला घेतले जाते आणि ती निवड समितीत एकमताने होते की दोनास एक, हे पाहून जानेवारीतील निवडीचा बराचसा अंदाज आधीच बांधता येईल. म्हणून २०२८ च्या त्या नेमणुकीसाठी वहीत तीन-चार ओळींची जागा आताच मोकळी ठेवावी.